इंग्लंडमध्ये जुनी एमजीबी घ्यायची आहे. क्रोम बंपर की रबर बंपर, रोडस्टर (उघड्या टपाची) की जीटी (पक्क्या छपराची)?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कॉव्हेंट्रीला राहता, गाडी ठेवायला गॅरेज आहे, शनिवार-रविवारी फिरायला आणि वर्षातून दोन-तीनदा लांबच्या प्रवासाला एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, हवी आहे. पाना-पक्कड हातात धरायची तयारी आहे, पण वेल्डिंग येत नाही. जाहिरातींमध्ये इतके प्रकार दिसतात की कुठला निवडावा ते कळत नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. १९६८ ते १९७४ या काळातली क्रोम बंपरची जीटी घ्या, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असलेली. पण या निवडीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गाडीचा पत्रा. मजबूत पत्र्याची रबर बंपर गाडी ही सडक्या पत्र्याच्या क्रोम गाडीपेक्षा दहापटीने बरी. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग हे सगळं एमजीबीत सुटं करून दुरुस्त होतं आणि भागही सहज मिळतात. पत्रा मात्र पैसे गिळतो, आणि तुम्हाला वेल्डिंग येत नसल्याने तो खर्च पूर्ण तुमच्या खिशातून जाईल.

आता प्रकार. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, जीटी धरून पाच लाखांहून जास्त. व्ही८ सोडली तर इंजिन सगळीकडे तेच, १७९८ सीसीचं बी-सिरीज. आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे ॲम्बेसेडरचं बॉनेट उघडून पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं वाटेल. सुरुवातीच्या गाड्यांच्या क्रँकला तीन मेन बेअरिंग होती, १९६४ च्या अखेरीपासून पाच झाली. तीनवालं इंजिन हलकं फिरतं, पण मागच्या बाजूला त्याला रबरी सील नाही, तेल थोडं पाझरतंच. १९६५ पर्यंतच्या रोडस्टरना दाराला ओढायच्या मुठी होत्या; त्या गाड्या संग्राहकांच्या, भाव सर्वात चढा. तुमच्या कामासाठी तो जादा पैसा घालण्यात अर्थ नाही.

१९६७ च्या अखेरीस मार्क टू, म्हणजे दुसरी आवृत्ती, आली आणि माझ्या मते खरी वापरायची गाडी तिथून सुरू होते. त्याआधीच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (दातांचा वेग जुळवून गिअर सहज पडू देणारी रचना) नव्हता, म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की दात कुरकुरणार. मार्क टूपासून चारही गिअरना सिंक्रो आला, डायनामो जाऊन अल्टरनेटर आला आणि अर्थिंग पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालं. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण आजचा रेडिओ, फोनचं चार्जर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना ती फार सोय करते.

१९७४ च्या सप्टेंबरपासून रबर बंपर आले. अमेरिकेच्या नियमांसाठी बंपर आणि दिव्यांची उंची जुळवायला अख्खी गाडीच सुमारे दीड इंच उचलली गेली. त्यात रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) हाही काढला, त्यामुळे १९७४ ते १९७६ मधली रबर बंपर रोडस्टर वळणावर सर्वात जास्त कलते. १९७७ च्या मॉडेलपासून पुढे-मागे दोन्हीकडे बार आले, रेडिएटर पुढे सरकला, विजेचा पंखा आला. म्हणून रबर बंपरच घ्यायची झाली तर १९७७ नंतरची घ्या. ती खाली आणायची असेल तर पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे लोअरिंग ब्लॉक हा सरळ उपाय आहे. क्रोम गाडीचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा तुळईसारखा भाग) आणून बसवा असं कोणी सुचवलं तर थांबा: रबर गाडीत स्टीअरिंग रॅक आणि कॉलमचा कोन तिच्या स्वतःच्या क्रॉसमेंबरशी जुळवलेला आहे, एक बदलला की कॉलमचंही काम निघतं.

एमजीसी (१९६७ ते ६९, २९१२ सीसी, सहा सिलिंडर) आणि कारखान्यातली जीटी व्ही८ (१९७३ ते ७६, रोव्हरचं ३५२८ सीसी इंजिन, एकूण २५९१ गाड्या) या दोन्ही चांगल्या, पण तुमची पहिली जुनी गाडी म्हणून नकोत. एमजीसीचं नाक जड आहे आणि तिचे कित्येक भाग तिच्यापुरतेच. व्ही८ घेताना एकच लक्षात ठेवा: कारखान्याने व्ही८ फक्त जीटीत बसवली, रोडस्टरमध्ये कधीच नाही, आणि अस्सल गाडीचा चेसिस नंबर जीडी२डी१ ने सुरू होतो. बाकी सगळ्या नंतर कुणीतरी इंजिन बदलून केलेल्या.

जीटीच का? १९६५ मध्ये पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या मदतीने ते छप्पर आलं. मागे उघडणारं दार, सामानाला भरपूर जागा, पावसात कोरडी, मोटरवेवर आवाज कमी. आणि सारख्याच अवस्थेतल्या रोडस्टरपेक्षा ती स्वस्त मिळते, म्हणजे त्याच पैशात चांगल्या पत्र्याची गाडी हाती येते. इंग्लंडच्या हवेत टप काढून फिरायचे दिवस किती, ते तुम्हाला माहीतच आहे. तरीही उघड्या गाडीचीच ओढ असेल तर रोडस्टर घ्या, मन मारून जीटी घेऊ नका.

आता पत्रा, आणि इथे घाई नको. एमजीबीला वेगळी चेसिस नाही. दारांखालचे सिल हाच तिचा कणा, रोडस्टरमध्ये तर जवळजवळ सगळा भार त्यांच्यावर. सिल म्हणजे एक पत्रा नाही, तीन: बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा आणि खालचा कॅसल सेक्शन. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ आत साठून हे आतून सडतात. प्रामाणिक दुरुस्तीत गाडीला आधार देऊन तिन्ही बदलतात, आणि बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डच्या आत शिरत असल्याने ते मडगार्ड काढावंच लागतं. आळशी दुरुस्तीत सडक्या सिलवर नवा पत्रा मढवून रंग मारतात. वरून चकचकीत दिसतं, आत भुसा.

हे ओळखायचं असं. गाडी सपाट जागेवर उभी करून दारासमोर गुडघ्यावर बसा आणि दाराची मागची फट वरपासून खालपर्यंत बघा. ती सारखी हवी. वर चिमटलेली आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून वाकली आहे. मग मालकाला विचारून जॅकिंग पॉइंटवर एक बाजू उचला आणि दार उघडून परत लावून बघा. फट बदलली किंवा दार घासायला लागलं तर तिथेच नमस्कार करून परत फिरा. जॅक लावू देत नसेल तर कारण तेच समजा. त्यानंतर खाली झोपून टॉर्चने सिलची खालची कड बघा: मूळ जोडावर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्ड दिसायला हवेत. सलग ओबडधोबड वेल्ड आणि वर डांबरासारखा जाड काळा लेप असेल तर काहीतरी झाकलंय.

सोबत एक छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्या. पुढच्या मडगार्डचा मागचा खालचा कोपरा, हेडलाइटमागचा वरचा भाग, मागच्या चाकांच्या कमानी आणि दार व मागचं चाक यांच्यामधला खालचा तुकडा, इथे ते फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे, ज्याला आपले डेंटर लांबी म्हणतात. १९६९-७० पर्यंतच्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, तिथे चुंबक धरलं नाही म्हणून घाबरू नका. दाराच्या पत्र्यावर पुढच्या छोट्या काचेच्या खाली उभी तडा असते, ती दिसायला वाईट पण जीवघेणी नाही. सीटमागचं झाकण उघडून बॅटरीचे खण बघा. क्रोम गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसतात आणि ॲसिडने खण खाल्लेले असतात. शेजारीच मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर, तेही बोटाने दाबून बघा.

पुढची मडगार्डं बोल्टने बसतात, ती बदलणं सोपं. मागची वेल्ड केलेली आहेत. म्हणून पुढच्या बाजूचा गंज भाव पाडायला वापरा, मागचा आणि सिलचा गंज गाडी सोडायला.

इंजिन थंड असतानाच जा, मालकाला आधी सुरू करून ठेवू नका असं कळवा. गरम झाल्यावर चालताना ऑइल प्रेशर दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ हवं. टॅपेटचा हलका टकटकाट चालेल. टॅपेट अगदी गप्प असतील तर उलट शंका घ्या, क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची फट) १५ थाऊ, म्हणजे इंचाचा १५ हजारांश, हवा. मूळ हेडच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट शिसेविरहित पेट्रोलसाठी कडक केलेल्या नसतात. त्या झिजत गेल्या की व्हॉल्व्ह वर चढतो आणि क्लिअरन्स कमी होत जातो. हेडमध्ये कडक सीट बसवल्याचं बिल असेल तर गाडीची किंमत माझ्या लेखी वाढते. नसेल तर पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह घाला. इंग्लंडमध्ये २०२१ पासून साधं ९५ पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे, ते जुन्या रबरी नळ्या खातं. सुपर घ्या आणि नळ्या पहिल्याच आठवड्यात बदला.

ओव्हरड्राइव्ह नुसता आहे की चालतो, ते बघा. चौथ्या गिअरमध्ये ५० मैलांच्या वेगाला आरपीएमचा काटा साधारण २८०० वर असतो. खटका दाबला की तो सुमारे ५०० ने खाली यायला हवा. आला नाही तर बहुतेक वेळा कारण खटका, वायर किंवा तेलाची पातळी, पण भाव करताना बिघडलेला धरूनच करा. ७० मैलांना ओव्हरड्राइव्हशिवाय इंजिन ३९०० वर ओरडतं, त्यासह ३२०० च्या आसपास शांत चालतं. लांबच्या प्रवासासाठी म्हणूनच मी त्याचा आग्रह धरतो. या गिअरबॉक्समध्ये इंजिनचंच २०डब्ल्यू५० तेल घालायचं असतं, गिअर ऑइल नाही. क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, तेव्हा क्लच घसरतोय का ते चढावर तपासा, आणि पुढे सिग्नलला पाय क्लचवर ठेवून उभं राहू नका, रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे.

चाकं तारांची असतील तर एक चाक उचलून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. हब जागेवर राहून चाक हललं तर स्प्लाइनचे (चाक हबवर अडकवणाऱ्या खाचांचे) दात झिजलेत. चाक काढू दिलं तर हबच्या दातांना बोट लावा: माथा सपाट हवा, करवतीसारखा टोकदार नको. साध्या लोखंडी किंवा रोस्टाइल (नक्षीदार दाबीव पोलादी) चाकांत ही कटकटच नाही.

स्टीअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नसेल तर किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या उभ्या खिळी) कोरडे पडलेत. प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, दर ३००० मैलांना ग्रीस लागतं, आणि कितीतरी मालकांना ते माहीतही नसतं. निपलवर जुना रंग चढलेला दिसला तर समजून जा.

कागद बघताना चेसिस नंबर वाचा. जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी. पुढे ३ असेल तर मार्क वन, ४ असेल तर मार्क टू, ५ असेल तर त्यानंतरची. ५ नंतर यू असेल तर गाडी अमेरिकेसाठी बनलेली होती; स्टीअरिंग उजवीकडे असेल तर ते नंतर बदललेलं आहे. कोरड्या राज्यांतून आलेल्या अशा गाडीचा पत्रा बरेचदा उत्तम असतो, फक्त मालकाने ते आपणहून सांगायला हवं. चाळीस वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाडीला एमओटी (ब्रिटनमधली गाड्यांची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, पण सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की जुने एमओटीचे शेरे फुकट दिसतात. २०१२ साली 'सिल गंजलेला' असा शेरा असेल आणि नंतर वेल्डिंगचं एकही बिल नसेल, तर तो गंज अजून तिथेच आहे. आणि सौदा ठरण्याआधी मालकाला नवी एमओटी करून मागा. खर्च तुम्ही द्या.