वाचकांचे प्रश्न : शटलचं बूच आणि डोळ्याची खोबण

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, चष्म्याचा नंबर उणे तीन. आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन खेळते. प्रशिक्षक म्हणतात, चष्मा काढून खेळू दे. दुकानदाराने 'अनब्रेकेबल' काचा दाखवल्या. त्या चालतील का? आणि एवढ्याशा शटलने असं काय होणार? (नाशिक)

उत्तर : शटलचं वजन जेमतेम पाच ग्रॅम, हे खरं. पण त्याचं बूच २५ ते २८ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि डोळ्याच्या हाडाच्या खोबणीचं तोंड मोठ्या माणसातही साधारण ४० मिलिमीटर रुंद. बूच हाडाला न शिवता सरळ डोळ्यावर बसतं. वजनापेक्षा या मापाकडे बघा. दुहेरीत धोका आणखी वाढतो : जाळीजवळची मुलगी मागच्या जोडीदाराचा फटका बघायला मान वळवते आणि शटल तोंडावर येतं. नजर समोर ठेवायची, मागे वळायचं नाही, ही सवय पहिल्या महिन्यातच लावा.

चष्मा काढून खेळवू नका. उणे तीनला शटल उशिरा दिसतं आणि चेहरा वेळेत हलत नाही. रोजचा चष्माही नको. 'अनब्रेकेबल' हा दुकानातला शब्द आहे, बऱ्याचदा साध्या फायबरलाच, म्हणजे नेहमीच्या प्लास्टिकच्या काचेलाच, तो लावतात. फायबर फुटतं आणि त्याचे धारदार तुकडे डोळ्यात जातात. पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचीच काच मागा, मध्यभागी ३ मिलिमीटर जाडीची, मुलीच्या नंबरात. फ्रेम खेळासाठीचीच हवी : धातूच्या बिजागऱ्या नकोत, नाकावर आणि कडांना मऊ गादी हवी, मागे इलॅस्टिकचा पट्टा हवा. काच बसायची खाच अशी हवी की मार बसला तर काच आत, डोळ्याकडे निसटणार नाही. रॅकेटच्या खेळांसाठीच्या चष्म्यावर 'एएसटीएम एफ३१६४' (ASTM F3164) हे अमेरिकी मानक छापलेलं असतं, ते शोधा. घालून वीस उड्या मारायला लावा. चष्मा सरकला किंवा गालाला टेकला तर माप चुकलं. काच नसलेल्या नुसत्या जाळीच्या फ्रेममध्ये भरवसा नाही. कॉन्टॅक्ट लेन्सने नजर सुधारते, रक्षण शून्य.

पॉलिकार्बोनेटवर चरे लवकर पडतात. शर्टाच्या टोकाने कोरडं पुसू नका, पाणी आणि सौम्य साबण वापरा. तडा दिसला की काच बदला.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ज्या मुलाला आळशी डोळा आहे (लहानपणापासून एका डोळ्याची नजर कमी राहिलेली) आणि त्या डोळ्याने चष्मा लावूनही तपासणीच्या तक्त्यावरची ६/१२ची ओळ वाचता येत नाही, त्याच्याकडे खेळाच्या हिशेबाने एकच डोळा आहे. त्याने हा चष्मा बॅट, चेंडू, रॅकेट, विटी यांपैकी काहीही हातात असताना घालायलाच हवा. विटीची दोन्ही टोकं अणकुचीदार असतात आणि क्षेत्ररक्षक वर बघत तिच्याखाली जातो, हे विसरू नका.

प्रश्न : सोसायटीत खेळताना बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यावर टेनिस चेंडू बसला. तासाभराने बरं वाटलं, दिसतंही नीट. आजीने गुलाबपाणी घातलं. डॉक्टरकडे जायलाच हवं का? (सांगली)

उत्तर : हो, त्याच दिवशी. टेनिस चेंडू खोबणीपेक्षा मोठा, पण तो दबतो आणि त्याचा फुगवटा आत शिरतो. डोळा पुढून मागे चेपतो, आजूबाजूने ताणला जातो आणि आतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटतात. मूल बसलं की बुबुळाच्या खालच्या कडेला रक्ताची रेघ दिसते का पाहा. रेघ नसली तरी पडद्याला इजा असू शकते, ती बाहुली मोठी करून तपासल्याशिवाय कळत नाही.

आत रक्त असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव व्हायची भीती असते आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा मोठा असतो. म्हणून धावणं बंद, झोपताना डोकं उशांनी उंच. दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल; अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही. गुलाबपाणी, तूप, मध, घरातले जुने थेंब काहीच घालू नका. आत रक्त झालेल्या डोळ्याचा दाब पुढे काही वर्षांनीही वाढू शकतो, तेव्हा दरवर्षी दाब मोजून घ्या.

डोळा पांढरा स्वच्छ, पण मूल वर बघायला तयार नाही, दोन-दोन दिसतात, उलट्या होतात, असं असेल तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. खोबणीच्या तळाचं हाड झडपेसारखं उघडून मिटतं आणि स्नायू त्यात अडकतो. मुलांमध्ये हे होतं आणि डोक्याला मार लागला समजून वेळ जातो.

डोळा फाटल्याची शंका आली, बाहुली वेडीवाकडी दिसली किंवा काही रुतलं असेल, तर ते उपसू नका, धुऊ नका, दाबू नका. कागदी पेल्याचा तळाकडचा भाग कापून घ्या, तो डोळ्यावर कडा हाडावर टेकतील असा ठेवा, चिकटपट्टी लावा. काही खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

प्रश्न : मुलगा यष्टिरक्षक आहे. फिरकीपटू गोलंदाजी करत असताना हेल्मेट नको म्हणतो. (ठाणे)

उत्तर : फिरकीलाच तो यष्टीला चिकटून उभा असतो. २००० साली ढाक्यात कुंबळेच्या गोलंदाजीवर भारताचा यष्टिरक्षक सबा करीमच्या डोळ्याला चेंडू लागला. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या टाँटनला दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचरच्या डोळ्यात यष्टीवरून उडालेली बेल शिरली, तोही फिरकीपटूच्या चेंडूवर. त्याची कारकीर्द तिथेच संपली. हेल्मेट घालावंच लागेल. मुलाच्या वयोगटाचा चेंडू हेल्मेटची टोपी आणि जाळी यांच्यामधल्या फटीवर हाताने दाबून बघा, तो आत जाता कामा नये. मुलांचा चेंडू लहान असतो, म्हणून मोठ्यांचं हेल्मेट त्यांना चालत नाही.

प्रश्न : कबड्डीच्या मैदानावरची फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) डोळ्यात गेली तर? (कोल्हापूर)

उत्तर : ती चुन्याची असेल तर या पानावरची सर्वांत घाईची गोष्ट हीच. चुना डोळा आत आत जाळत जातो. दवाखाना शोधत बसू नका, जागेवरच जे स्वच्छ पाणी मिळेल त्याने निदान अर्धा तास धुवा, पापण्या उघड्या धरून. वरच्या पापणीखाली कण अडकतात. ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने जेवढे निघतील तेवढे काढा आणि धुणं चालू ठेवत रुग्णालयात न्या. शाळेला सांगा, आखणीला चुन्याऐवजी खडूची भुकटी वापरा, आणि मैदानाच्या कडेला पाण्याची बादली भरून ठेवा.