घोड्याला माश्यांचं औषध लावताना: कातडी नाजूक असेल तर काय करावं?

या पंधरवड्यात घोडे पाळणाऱ्यांचे तीन प्रश्न आले. एकाच्या घोडीला माश्यांसाठी औषध फवारलं आणि तासाभरात मानेवर गांधी उठल्या. दुसऱ्याचा घोडा फवाऱ्याचा आवाज आला की दावं तोडायला बघतो. तिसऱ्याने विचारलंय, गाईम्हशींच्या गोचिडांवरचं औषध घरात उरलं आहे, तेच घोड्याला मारलं तर चालेल का?

तिसऱ्यांना आधी उत्तर देतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. चालणार नाही. गोचिडांवरच्या बऱ्याच औषधांत अमित्राझ असतं. गाईला ते सोसतं, पण घोड्याच्या आतड्याची हालचाल त्याने मंदावते, लीद आत अडकते आणि पोटशूळ उठतो. घोडा दगावूही शकतो. पिकावर फवारायची कीटकनाशकं तर घोड्याजवळ नेऊच नका, मग ती कितीही पातळ केलेली असोत. बाटलीवर घोड्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेवढंच औषध वापरायचं. नुसतं 'जनावरांसाठी' लिहिलेलं असेल तर आधी पशुवैद्यकांना दाखवा. शिंगरू किंवा गाभण घोडी असेल तर त्यांच्याविषयी वेगळी सूचना आहे का, तेही वाचा.

आता गांधी उठलेल्या घोडीचं. औषध धुऊन काढा. गार पाणी आणि घोड्याचा सौम्य शाम्पू पुरे, चोळू नका. तोंड सुजलं किंवा श्वास जड झाला तर एक मिनिटही न थांबता पशुवैद्यकांना बोलवा. नुसत्या गांधी असतील तर कातडी पूर्ण शांत होईपर्यंत त्या जागी काहीही लावू नका, घरगुती लेपसुद्धा नको.

असं कशामुळे झालं असेल? कधी पर्मेथ्रीनसारखा माश्या मारणारा मूळ घटकच सोसत नाही, कधी तो ज्यात कालवलेला असतो ते तेल, स्पिरिट किंवा सुगंध बाधतो. 'नैसर्गिक' शब्दावर भरवसा ठेवू नका. सिट्रोनेला (एका सुगंधी गवताचं तेल), निलगिरी, कडुनिंबाचं घट्ट तेल यांनीही कातडी पोळते आणि सिट्रोनेलाचा परिणाम फार वेळ टिकतही नाही. तेलकट औषध जास्त वेळ राहतं खरं, पण त्यावर धूळ चिकटते. अशा घोडीला पाण्यात बनवलेलं, बिनवासाचं औषध बरं. तेही एकदम अंगभर नको. खांद्यावर तळहाताएवढ्या जागी लावा आणि 24 तास थांबा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा लावून बघा, कारण कधी पहिल्या वेळी काहीच दिसत नाही आणि नंतर कातडी चिडते. बाधलेल्या औषधातल्या घटकांची नावं लिहून ठेवा. नाव बदलून तेच रसायन दुसऱ्या बाटलीत मिळतं.

एक शंका मात्र तपासून घ्या. घोडी आयाळ आणि शेपटीचं मूळ घासघासून केस घालवत असेल, तर दोष औषधाचा नसून चिलटांचा असू शकतो. डोळ्याला जेमतेम दिसणारी ही चिलटं चावली की काही घोड्यांना त्यांच्या लाळेचीच ॲलर्जी होते. त्यांचा जोर पहाटे आणि तिन्हीसांजेला असतो, म्हणून त्या वेळी घोडी आत बांधा आणि जमलं तर पंखा लावा. चिलटं उडायला कमजोर असतात, वाऱ्यापुढे टिकत नाहीत. अंगावर पातळ जाळीदार झूल आणि डोळ्यांवर जाळी घातली तर बरंच औषध वाचतं. नाजूक कातडीच्या घोड्यासाठी मी आधी हेच सुचवेन, औषध नंतर.

लावण्याची रीत सोपी आहे, पण घाईत नेमकी तीच चुकते. आधी खरारा करून धूळ आणि वाळलेला घाम काढा. मळलेल्या केसांवर मारलेलं औषध वरच राहतं. अंग कोरडं हवं. वाऱ्याकडे पाठ करून वीतभर अंतरावरून हलका फवारा द्या, मग मऊ ब्रश फिरवा. निथळेपर्यंत भिजवायचं नाही. चावणारी तबेल्यातली माशी पाय आणि पोट धरते, त्यामुळे तिथे विसरू नका. पोटाखाली बेंबीजवळची कातडी कोवळी असते, तिथे फडक्यानेच लावा. तोंडावर कधीही फवारायचं नाही. फडकं ओलं करून कपाळ आणि गालांवरून फिरवा, डोळे, नाकपुड्या आणि ओठ सोडा. खोगिराखाली लावू नका, घाम आणि घर्षणाने तिथे फोड येतात. उघड्या जखमेवरही नको, तिच्यासाठी पशुवैद्यकांचा मलम घ्या. घाम आला किंवा पावसात भिजला की औषध उतरतं, पण पुन्हा कधी लावायचं ते बाटलीवरच्या सूचनेप्रमाणेच ठरवा.

फवाऱ्याला भिणाऱ्या घोड्याला बांधून जबरदस्ती करू नका, भीती दुप्पट होते. रिकाम्या बाटलीत साधं पाणी भरा. दोर हातात धरून लांब जमिनीवर फवारा. घोडा शांत उभा राहिला की लगेच थांबा, मानेवर हात फिरवा. रोज थोडं जवळ जा, पहिला फवारा खांद्यावर घ्या. काहींना आठवडा लागतो, काहींना महिना. तोवर फडक्याने लावलेलं औषधही तेवढंच काम करतं.

माश्या जिथे जन्मतात ती जागा तशीच ठेवली तर कुठलंच औषध पुरणार नाही. ओली लीद आणि मुतात भिजलेला पेंढा हेच त्यांचं घर. उबेच्या दिवसांत घरमाशी अंड्यातून 7 ते 10 दिवसांत तयार होते, म्हणून ओला पेंढा रोज उचला आणि लिदीचा ढीग तबेल्यापासून लांब ठेवा.

पर्मेथ्रीन असलेलं औषध मांजरांना आणि पाण्यातल्या माशांना विषारी आहे. ओल्या अंगाच्या घोड्याजवळ मांजर जाऊ देऊ नका, उरलेलं औषध ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका आणि लावताना हातात मोजे घाला.