बॅकहँड ड्राइव्ह वर का उठतो?

प्रश्न : बॅडमिंटनच्या दुहेरीत डावीकडे सपाट फटका आला की माझा बॅकहँड ड्राइव्ह (हाताची पाठ पुढे ठेवून मारलेला वेगवान, सपाट फटका) नेटमध्ये अडकतो, नाहीतर वर उठतो आणि समोरचा स्मॅश मारतो. अंगठा ग्रिपच्या रुंद बाजूवर सपाट ठेवतो. जोर लावला की मनगट दुखतं. काय चुकतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून सांगतो. शटल तुमच्याकडून उशिरा मारलं जातंय, बाकीचं सगळं त्यातून येतं.

अंगठा सपाट ठेवणं बरोबर आहे, पण शटल शरीराच्या पुढे असेल तेव्हाच. ते बाजूला, खांद्याच्या रेषेत आलं तर त्याच पकडीत रॅकेटचा चेहरा, म्हणजे तारांची बाजू, सरळ करायला मनगट मुडपावं लागतं. दुखतं ते त्यामुळे. चेहराही वर उघडतो आणि शटल उठतं. अशा वेळी अंगठा शेजारच्या अरुंद, तिरक्या कडेवर सरकवा. ग्रिपवर टेपचे दोन-तीन थर असतील तर ती बोटांत फिरत नाही. एक थर पुरे.

तयारीत रॅकेट छातीसमोर, किंचित बॅकहँडकडे झुकलेली हवी. शटल येताना कोपर पुढे काढा, रॅकेट वीतभरच मागे न्या. पकड सैल. मारायच्या क्षणी कोपराखालचा हात बाहेर फिरवा आणि बोटं, अंगठा घट्ट आवळा. जोर तिथून येतो. खांद्यापासून झोका घेतलात तर पुढच्या शटलला रॅकेट वेळेत परत येत नाही, आणि दुहेरीत पुढचं शटल लगेच येतं. शटल दूर असेल तर उजवा पाय आडवा टाका, जवळ असेल तर डावा पाय बाजूला टाकला तरी भागतं.

आता उंची. नेट मध्यभागी 1.524 मीटर, म्हणजे पाच फूट. शटल कमरेखाली गेल्यावर जोरात ड्राइव्ह मारू नकाच: ते नेट ओलांडण्यासाठी वर चढतं आणि पलीकडेही चढतच राहतं. तिथे हळू ढकलून नेटलगत टाका.

सरावासाठी भिंतीवर पाच फुटांवर खडूची रेघ मारा. दीड-दोन मीटरवर उभं राहून जुनं शटल रेघेच्या जेमतेम वर मारत राहा. मग जोडीदाराला डावी-उजवीकडे आलटून पालटून दहा-बारा शटल द्यायला सांगा, म्हणजे पकड बदलायची सवय लागेल. मनगटाचं दुखणं थांबेपर्यंत मात्र जोर लावू नका. आठवडाभरात कमी झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा.