घाटात धापा टाकणारी पद्मिनी

ऊन तापायला लागलं की या सदराला एकाच दुखण्याची पत्रं येतात, पेट्रोल पोचत नाही. गाड्या सगळ्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या, आणि सगळ्यांचा राग त्या बिचाऱ्या कार्बोरेटरवरच (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग). यावेळी पाच पत्रं घेतलीत, पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण त्या एकात निम्म्या लोकांची उत्तरं आहेत.

प्रश्न : मेस्त्री काका नमस्कार. वडिलांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, ते गेल्यापासून मी चालवूलालोय. निपाणी गावात कुठं पण न्या, झक्कास चालते. खरं बेळगावला निघालं की तवंदी घाटात अर्ध्यावर आली की झटके द्यायला लागते, ॲक्सिलेटर दाबला की अजूनच दबते आणि बंद. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काय झालंच नाही अशी चालू. मेकॅनिकनं कार्बोरेटर दोनदा धुतला, किट बदललं, जेट बदलले, स्क्रू फिरवून फिरवून ॲव्हरेज पण घालवलं. आता म्हणतोय नवीन कार्बोरेटर घाला. घालू का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नका घालू. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, "पंधरा-वीस मिनिटं थांबलं की चालू". जेटमधे, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल जायच्या बारीक भोकात, कचरा बसला असता तर तो वीस मिनिटं सावलीत उभं राहून निघून गेला असता का? चोंदलेला जेट चोंदलेलाच राहतो, गाव असो नाहीतर घाट. विश्रांती घेतली की बरं होणारं दुखणं वेगळं असतंय, आणि अशी दुखणी चारच. टाकीत हवा जात नाही, टाकीतला कचरा नळीच्या तोंडाला चिकटतो, पेट्रोलची वाफ होते, नाहीतर मग पेट्रोलचा काही संबंधच नाही, प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल किंवा तिच्या जोडीचा कंडेन्सर तापून करंट सोडतोय. गावात कळत नाही कारण गावात गाडी पेट्रोल पितेच किती, घाटात तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबला की मग मागणी वाढते आणि पुरवठा तेवढा येत नाही.

आता पुढच्या वेळी घाटात बंद पडली की (पडणारच आहे, म्हणून मुद्दाम जा, सकाळी गर्दी नसताना, आणि कडेला घेऊन) बॉनेटकडे धावू नका. आधी मागं जा आणि टाकीचं झाकण उघडा. कान लावून. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी चालू झाली तर तुमचं काम झालं, झाकणाचं बारीक भोक बुजलंय. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाही आली की टाकीत व्हॅक्युम धरतो आणि पंपाला ओढता येत नाही. सुईनं भोक मोकळं करा, खर्च शून्य.

फुस्स झालं नाही तर आता बॉनेट. एअर क्लीनरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हातानं ॲक्सिलेटरची दांडी झटकन ओढा. बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत (पेट्रोल साठतं तो भाग) पेट्रोल आहे, मग पेट्रोलमागं लागू नका, प्लगची वायर काढून करंट बघा, निळा कडक येतोय का पिवळा मरतुकडा. मी तरी सांगतो, पेट्रोलचा प्रॉब्लेम म्हणून आलेल्या गाड्यांत कंडेन्सरवाल्या लई निघतात. पिचकारी उडालीच नाही तर वाटी कोरडी, म्हणजे दोष कार्बोरेटरच्या मागं, पंप नळी टाकी यात कुठंतरी. (बिडी सिगारेट लांब ठेवा, हे सांगायची गरज नाही खरं सांगतोच, आणि करंट बघायच्या आधी उडालेलं पेट्रोल वाळू द्या.)

वाटी कोरडी असेल तर एक फडकं पाण्यात पिळून एसी पंपावर टाका (टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा इंजिनवरचा पंप, गार हवेच्या एसीचा नव्हे). जुने टॅक्सीवाले हे सगळे करायचे, उन्हाळ्यात पंपाला कायमचं ओलं फडकं गुंडाळलेलं असायचं. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतो, त्यात पंप ओढतोय म्हणजे त्या नळीत दाब कमी, म्हणून आणखी लवकर. आणि पंपातला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, पेट्रोल ढकलण्यासाठी केलाय, वाफ दाबत बसतो नुसता. फडकं टाकून दोन मिनिटांत गाडी चालू झाली तर वाफेचं दुखणं. मग नळी इंजिनला नाहीतर सायलेन्सरच्या पाइपला टेकलीय का बघा, आणि पंप आणि इंजिन ब्लॉकच्या मधे बेकेलाइटचा जाड ठोकळा आहे का तो बघा. हा ठोकळा गरमी अडवतो. कित्येकदा पंप बदलताना कुणीतरी तो फुटला म्हणून फेकून देतो आणि त्याच्या जागी चार पॅकिंग एकावर एक. पॅकिंग जाड झालं की पंपाची दांडी कमी दाबली जाते, पेट्रोल कमी येतं, आणि पातळ झालं की दांडी जास्त दाबली जाऊन डायफ्राम लवकर फाटतो. एवढासा ठोकळा, खरं सगळा हिशेब त्याच्यावर.

एवढ्यानं पण नाही कळलं तर घरी बाटलीची टेस्ट करा. कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडायची नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल भसाभसा झटक्यानं आलं पाहिजे. सुरुवातीचे चार बुडबुडे चालतील, खरं सतत फेस येत असेल तर टाकीपासून पंपापर्यंत कुठंतरी नळी हवा ओढतेय. इथं लोक फसतात. टाकीकडच्या नळीला चीर पडली तर पेट्रोल खाली गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळं जमिनीवर डाग नाही, वास नाही, आणि आपण म्हणतो नळी चांगलीय. रबरी तुकडे वाकवून बघा, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या की सरळ बदला, क्लिपा पण.

शेवटी टाकी. झाकण उघडून, पंपाकडची नळी काढून सायकलच्या पंपानं टाकीकडं हवा मारा, आत गुडगुड आवाज येईल. त्यानंतर आठ दिवस गाडी घाटात छान चालली आणि परत तेच सुरू झालं तर कचरा टाकीत आहे, टाकी उतरवून धुवायला लागेल. माझी स्वतःची फजिती सांगतो. खानापूरच्या एका गिऱ्हाईकाची अशीच पद्मिनी, मी कार्बोरेटर तीनदा उघडला, तीनदा. पैसे तेवढे घेतले नाहीत, लाज वाटली. मग टाकी उतरवली तर आत हातरुमालाएवढं कापड. कधीतरी झाकण हरवलं होतं म्हणून बोळा कोंबला होता, तो आत पडला, आणि लोकांनी वरून नवीन झाकण बसवलं. ते कापड पेट्रोलमधे तरंगत फिरायचं, चढाला ओढ वाढली की जाळीला जाऊन चिकटायचं, गाडी थांबली की सुटून बाजूला. गिऱ्हाईकानं ते वाळवून मला भेट दिलं.

आणि हो, तुमचे फिरवलेले स्क्रू. मिक्स्चरचा स्क्रू आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन हळू चालतं तेव्हाचा असतो, घाटात पाय दाबल्यावर त्याचा काही उपयोग नसतो. तो पहिल्यासारखा सेट करून घ्या, ॲव्हरेज परत येईल. तोवर घाटात थांबायलाच लागलं तर तिथल्या स्तवनिधी तीर्थाचं दर्शन घेत जा.

प्रश्न : दादा, आमची १९९८ ची ओम्नी आहे, मी चिक्कोडीतून मसाला-पापडाची डिलिव्हरी करते. महिना झाला गाडीत पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज निम्मं झालंय आणि गंमत म्हणजे ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. फिटर म्हणतो इंजिन उतरवायला लागेल. (एक भगिनी)

उत्तर : ताई, ती गंमत नाही, तेच तुमचं दुखणं आहे. ऑइलची पट्टी काढून नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला की एसी पंपाचा डायफ्राम फाटलाय, पेट्रोल कार्बोरेटरकडं जायच्या ऐवजी खाली ऑइलमधे उतरतंय. पंप बदला, आणि ऑइल व फिल्टर त्याच दिवशी बदला, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं जातात आणि मग मात्र फिटरचं म्हणणं खरं होईल. पट्टीला वास नसेल तर नीडल (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) बघायला सांगा, ती नीट बसत नसेल किंवा तिला उचलणाऱ्या तरंगत्या फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल गेलं असेल तर वाटी भरून वाहते, प्लग काळेकुट्ट होतात. फ्लोट कानाशी हलवला की आत पाणी हलल्यासारखं कळतंय. एक गोष्ट मात्र ऐका, ओम्नीचं इंजिन तुमच्या सीटच्या खाली आहे. वास येतोय तोवर गाडी काढू नका, पापड एक दिवस रिक्षानं जाऊ देत.

प्रश्न : मारुती ८००, मॉडेल १९९६. रोज वापरली तर ठीक, दोन दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर उभीच असते, नंतर चालू होऊन मिनिटभरात बंद. (खानापूर तालुक्यातून)

उत्तर : यात दोन वेगळी दुखणी आहेत. दोन दिवसांचं साधं आहे, वाटीतलं पेट्रोल वाफ होऊन उडतं आणि पंपाची आतली झडप सैल असेल तर नळीतलं पण टाकीत परत जातं. रिकामी वाटी भरेपर्यंत सेल्फ मारायलाच लागणार, मात्र दहा सेकंद मारून अर्धा मिनिट थांबा, सलग नको. ॲक्सिलेटर पंप मारून काही होत नाही, पिचकारीत पेट्रोलच नाही तर काय उडणार. फारच वेळ लागत असेल तर पंप बदला.

पावसाळ्यानंतरचं मात्र पाण्याचं आहे. तुमच्याकडचा पाऊस आणि अर्धी रिकामी टाकी, आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन उतरतो. पेट्रोलमधलं इथेनॉल ते पाणी एका मर्यादेपर्यंत धरून ठेवतं, त्याच्यापुढं गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर बसतो, आणि ओढणारी नळी नेमकी तळालाच. सुरुवातीला जे थोडं बरं पेट्रोल पोचतं त्यावर मिनिटभर चालते, मग तो थर येतो. तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा, दोन थर दिसले की सगळी टाकी रिकामी करायला लागेल. पुढच्या वर्षी मे अखेर टाकी तोंडापर्यंत भरून ठेवा, आणि पंधरा दिवसांनी पाऊस उघडला की एक फेरी मारून आणा.

प्रश्न : आमचा ऊस कारखान्याला जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि तेच माझ्या पद्मिनीत. पेट्रोल बदलल्यापासून गाडी ओढत नाही आणि सारखा फिल्टर चोंदतो. मी माझ्याच उसाला दोष देऊ का? (संकेश्वर)

उत्तर : थोडा द्या. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ ला बेंगळुरूमधून सुरू झालं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. तुमच्या गाडीच्या नळ्या आणि डायफ्राम तेव्हाच्या पेट्रोलसाठी केलेले, इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. वर ते टाकीतला तीस वर्षांचा गाळ सोडवून आणतं, म्हणून फिल्टर. दोन-तीन फिल्टर असेच जातील, घाबरू नका, मग थांबतंय. नळ्या मात्र एसएई जे३० आर९ असं छापलेल्या मागा, त्यांचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं.

ओढत नाही त्याचं कारण, साध्या पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास. जेट तोच राहिला की मिक्स्चर पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हायवेला दहा किलोमीटर पळवून लगेच प्लग काढा, पांढरा चुन्यासारखा निघाला तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. जेट तारेनं कोरून मोठा करू नका, तो विकत मिळतो. ॲव्हरेज सहा-सात टक्के कमी होणारच, ते कुठल्याच मेस्त्रीच्या हातात नाही.

प्रश्न : एसी पंप काढून इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप घातला तर ही कटकटच संपेल का? (बेळगाव, शहापूर)

उत्तर : तो नको. कार्बोरेटरची नीडल ३-४ पीएसआय (दाबाचं माप, टायरच्या हवेला असतं तेच) सहन करते, इंजेक्शनचा पंप ४० च्या आसपास दाब देतो, नीडल उचलून पेट्रोल गरम इंजिनवर सांडेल. कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचा वेगळा मिळतो, तो घालायचा तर टाकीजवळ खालच्या बाजूला बसवा, कारण हे पंप ढकलायला चांगले, ओढायला नाहीत. ॲक्सिडेंट झाला किंवा इंजिन बंद पडलं की पंप आपोआप थांबेल असं स्विच वायरमनकडून ऑइल प्रेशरवर करून घ्या. आणि जुना पंप काढलेल्या जागेला पत्र्याची प्लेट आणि पॅकिंग मारायला विसरू नका, गेल्या महिन्यात एक जण विसरून उद्यमबागपर्यंत आला, गाडीमागं रस्ताभर ऑइलची रेघ.