वाईनला मार्क द्यायच्या आधी एवढं कर

अरे, एवढ्यात १०० पैकी मार्क द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्या पद्धतीत सुरुवातच ५० पासून होते, त्यामुळे ८७ आणि ८९ मधला फरक कळायला आधी भरपूर वाईन चाखलेल्या लागतात. सध्या फक्त वहीत लिही: वास कसला येतो, आंबटपणा, गोडवा, तुरटपणा किती, आणि घोट गेल्यावर चव किती वेळ राहते.

सुरुवातीला हे पुरे:
- ग्लास एक तृतीयांशच भर, गोल फिरव, मग वास घे.
- नाशिकचीच शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां (दोन्ही व्हाइट वाईन, वेगवेगळ्या द्राक्षांच्या) शेजारी शेजारी ठेवून चाख, एकेकटी चाखून फरक लक्षात येत नाही.
- रेड मे महिन्यात तशीच उघडू नको, ३५ डिग्रीला नुसतं अल्कोहोल नाकात जातं, दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेव, १६-१८ डिग्री मस्त.

नवीन लोक हमखास चुकतात ते किंमत आणि लेबल बघून, मार्क मनात आधीच ठरलेले असतात. बाटली पेपरात गुंडाळून दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांग, आणि तेव्हा अगरबत्ती, परफ्यूम, तिखट शेव सगळं लांब. तीन-चार वाईन असतील तर थुंकायला एक मग ठेव, लाजायचं काही कारण नाही, सगळे जाणकार तेच करतात.