टेनिसपटू लिअँडर पेसच्या घरात आधीपासून कोणी खेळाडू होतं का?

हो, आई-वडील दोघंही भारताकडून खेळलेले. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे; 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात ते होते, पुढे क्रीडावैद्यक क्षेत्रात नावाजले. आई जेनिफर बास्केटबॉलपटू. बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त हे तिचे पूर्वज.

लिअँडर वाढला कोलकात्यात, टेनिसचे धडे मद्रासच्या अमृतराज अकादमीत. 1990 मध्ये ज्युनियर विम्बल्डन जिंकलं. पुढे दुहेरीत 8 आणि मिश्र दुहेरीत 10 अशी 18 ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) विजेतेपदं, शिवाय सलग 7 ऑलिंपिक.

मला मात्र या सगळ्यापेक्षा 1996 चं अटलांटा ऑलिंपिक मोठं वाटतं. एकेरीच्या उपांत्य फेरीत अमेरिकेच्या आगासीकडून हार, मनगट दुखावलेलं, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलच्या मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट 3-6 असा हातचा गेलेला. तिथून त्याने 6-2, 6-4 असा सामना खेचून आणला! आपल्या खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते थेट 44 वर्षांनी, याच सामन्यात. बापलेक दोघांकडेही ऑलिंपिक कांस्य, असं घर आपल्याकडे विरळाच.