होडीच्या लोखंडी कठड्याला पावडर कोटिंग केलं तर खाऱ्या पाण्यात टिकेल का?

टिकेल, पण नुसत्या लोखंडावर करू नका. पावडरचा, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेल्या कोरड्या रंगाचा, थर जेमतेम 60–80 मायक्रॉनचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. दोर घासून एक ओरखडा पडला की खारं पाणी आत शिरतं आणि गंज थराखालून पसरत जातो. फोड येईपर्यंत वरून कळतही नाही. म्हणून आधी वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर), मग हलकं सँडब्लास्टिंग (बारीक कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरखरीत करणं), त्यावर पावडर. ओरखड्यापाशी जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. भोकं, वेल्डिंग सगळं गॅल्व्हनायझिंगआधीच उरका. दोर बांधायचे खुंटे मात्र 316 स्टेनलेसचे (खाऱ्या पाण्याला जास्त तोंड देणाऱ्या स्टीलचे) घ्या, त्यांवर काहीच लावू नका. आणि कृपा करून पाण्याखालच्या जस्ताच्या अ‍ॅनोडवर (स्वतः झिजून होडीचा धातू वाचवणाऱ्या ठोकळ्यावर) रंग फासू नका, अ‍ॅनोड निकामी होतो.